पाटी बदलायची राहिली

जावयानं केलेली वस्तू सासूबाईंनी पहिल्यांदा वापरावी आणि त्या वेळी जावयानं समोर बसलेलं असावं, हा प्रसंग कुठल्याही घरात नाजूकच. ती वस्तू म्हणजे ठोकलेलं स्टूल किंवा रंगवलेली खिडकी असती, तर "छान झालंय हं" एवढ्यावर भागलं असतं. इथं जावयानं जनावरांच्या दवाखान्याचा सगळा कारभार संगणकावर चढवला होता, आणि सासूबाई त्याच दवाखान्यात दाराजवळच्या टेबलामागे सव्वीस वर्षं बसत होत्या.

त्या टेबलावर इतकी वर्षं सात वह्या असायच्या. नावांची, लसींची, औषधांची, शस्त्रक्रियांची, आणखी दोन कसल्याशा, आणि सगळ्यांत खाली काळ्या पुठ्ठ्याची, दगावलेल्या जनावरांची. सासूबाईंना वही शोधावी लागत नसे, हात आपोआप तिच्यावर पडत असे. कुठल्या मांजरीला कुठली गोळी चालत नाही हे त्या वही न उघडता सांगत. दाराबाहेर कुत्रं धापा टाकू लागलं की त्या धापेवरून मालक ओळखत आणि त्याचा कागद काढून ठेवत. जावयाला सासूबाईंचा मनातून फार धाक होता आणि त्याहून जास्त कौतुक होतं. दोन्ही तो बोलून दाखवत नसे, कारण जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि ग्रहानं कौतुक करत फिरायचं नसतं.

दोन वर्षांपासून मात्र सासूबाईंच्या नजरेचा मधला भाग धूसर झाला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. "बऱ्याच जणांच्या बाबतीत त्यात काही नुकसान नाही," असं त्या म्हणत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एक सोय करून दिली होती. संगणकाच्या पडद्यावर जे असेल ते कानात वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. "मांजरीला चार पिल्लं झाली" आणि "घोड्याचा पाय मोडला" ही दोन्ही वाक्यं तो एकाच सुरात वाचायचा, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव निर्विकार ठेवलं होतं.

दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी डॉक्टर म्हणून त्यांच्या जागी बसू लागली. या डॉक्टरबाईंनी लहानपणी सासूबाईंच्या टेबलाखाली बसून शाळेचा अभ्यास केला होता, त्यामुळे जे बोलायचं ते बोलताना त्यांची जीभ अडखळत होती.

"काकू, वह्या आता बंद करायच्यात," त्या म्हणाल्या. "नवीन पद्धत एक आठवडा बघू. जमलं तर उत्तमच. नाहीच जमलं, तर तुम्ही आतल्या खोलीत आरामात बसा. टेबलावर दुसरं कुणीतरी बघेल."

सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला "आरामात बसा" याचा अर्थ बरोबर कळतो. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी मुलीलाही काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे विनाकारण पुसून काढले, तेव्हा मुलीनं काय ते ओळखलं आणि रात्रीच्या जेवणाला नवऱ्याकडे बघून म्हटलं, "आईला जमेल असंच कर. कळलं ना?"

"न जमायला काय झालं?" जावई म्हणाला.

त्याला स्वतःच्या कामाचा फार अभिमान होता. त्याच्या कंपनीत तो धरून तीन माणसं होती आणि तिघंही एकाच गोष्टीवर खूश होते: सगळा दवाखाना त्यांनी एका पानात बसवला होता. जुन्या पद्धतीत काहीही दाबलं की पान जायचं, पांढरा पडदा यायचा, मग दुसरं पान यायचं. इथं पान एकदाच उघडायचं. मग नोंद दाबा, लस दाबा, औषधं दाबा, आतला मजकूर तेवढा पापणी लवायच्या आत बदलायचा, पान तेच राहायचं. तिघांनी ते शंभरदा करून बघितलं होतं. बघितलं होतं हे महत्त्वाचं, कारण ऐकून कुणीच बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सासूबाई हेडफोन लावून बसल्या. जावई समोरच्या बाकावर, एका खोकणाऱ्या बोकडाशेजारी बसला. तासभर सासूबाईंची बोटं कळांवर चालत होती आणि चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी त्यांनी एक कान मोकळा केला.

"चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. "एकच विचारू का, जावईबापू?"

"विचारा ना, आई."

"मी कुठंही गेले तरी हा 'दवाखाना' म्हणतो. लसीकडे गेले, दवाखाना. औषधांकडे गेले, दवाखाना. मी दवाखान्यात आहे हे मला सव्वीस वर्षांपासून ठाऊक आहे. आत्ता कुठल्या खोलीत आहे, ते त्याला विचारतेय."

जावई उठून टेबलामागे गेला. पडद्याच्या वरच्या कडेला सात कप्पे, म्हणजे टॅब, उघडे होते, कारण सात वह्यांच्या जागी सासूबाईंनी सात कप्पे उघडून ठेवले होते. सातही कप्प्यांवर एकच नाव होतं: दवाखाना. पान एकदाच उघडतं म्हणून जावयानं त्याचं नाव एकदाच लिहिलं होतं. आतल्या खोल्या बदलत राहिल्या आणि दारावरची पाटी कुणी बदललीच नाही. ज्याला दिसतं तो आत डोकावून खोली ओळखतो. ज्याला दिसत नाही त्याला पाटीच वाचावी लागते.

"मग तासभर तुम्ही काम कसं केलंत?" त्यानं विचारलं.

"मोजून. डावीकडून तिसरा लसींचा, पाचवा औषधांचा. आणि आत शिरल्यावर हा किती वेळ गप्प राहतो त्यावरून. औषधांची यादी लांब आहे, तो आधी एक श्वास घेतो."

निर्विकार श्वास घेत नाही. यादी भरायला अर्धा सेकंद लागतो, हे जावयाला ठाऊक होतं. तो अर्धा सेकंद कमी करण्यासाठी त्यानं दोन आठवडे डोकं फोडलं होतं, आणि सासूबाई त्याच अर्ध्या सेकंदावर दवाखाना चालवत होत्या.

संध्याकाळी कचेरीत त्यानं स्वतः हेडफोन लावले, डोळे मिटले आणि नोंदीच्या खोलीतून औषधांच्या खोलीत जायचा प्रयत्न केला. स्वतः बांधलेल्या घरात तो चार वेळा चुकला आणि दोनदा निधन नोंदीत जाऊन पोचला. डोळे उघडल्यावर त्यानं कागद ओढला, सगळ्या खोल्यांची यादी केली आणि एकेकीला पाटी लावत गेला. खोलीत शिरलं की पाटीवर खोलीचं नाव आणि जनावराचं नाव लागायचं. पाटी बदलली की निर्विकारनं ती वाचून दाखवायची. मंगळवारी सकाळी सासूबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता घर झालं." एवढ्या तीन शब्दांवर जावई दुपारपर्यंत फुशारकीत होता.

दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. गुरुवार म्हणजे लसीकरणाचा दिवस. लस टोचल्याचा दाखला छापून, सही करून हातोहात द्यायचा असतो, आणि त्याचं पान राहून गेलंय. जावयानं वीस मिनिटांत ते पान जोडून दिलं. पडद्यावर बघितलं, झकास दिसत होतं. छापून बघितलं नाही, कारण त्यांच्या कंपनीत प्रिंटर नव्हता. 'कागदमुक्त कार्यालय' अशी मोठी पाटी तिथल्या दारावर होती. आणि दाखल्याचं पान सोमवारच्या यादीत नसल्यामुळे त्याला पाटी लावायची राहिली. बिनपाटीच्या खोलीत शिरलं, तर वर आधीच्या खोलीचीच पाटी तशीच लटकत राहणार, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गुरुवारी नवाच्या ठोक्याला पहिला फोन निवृत्त पोस्टमास्तरांचा आला. ते एकटे राहत. घरात ते आणि एक कासव, दोघंच. कासवाचं नाव वादळ होतं.

"गेला हो," पोस्टमास्तर म्हणाले. "चार दिवस हललेला नाही. नोंद करून टाका."

दारात चौदा कुत्री, नऊ मांजरी आणि एक पोपट रांगेत उभे होते. सासूबाईंनी निधन नोंद उघडली, वादळचं नाव निवडलं, निर्विकारनं कानात "निधन नोंद, वादळ" असं निर्विकारपणे सांगितलं, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांचा हात थांबला.

"मास्तर, खोली गार आहे का?"

"आहे थोडी."

"त्याला उन्हात ठेवा आणि नाकासमोर काकडी धरा. फोन ठेवू नका, मी आहे."

अकरा मिनिटं फोन खांद्यात धरून सासूबाईंनी रांग सांभाळली. भांडणाऱ्या दोन कुत्र्यांना वेगळं बसवलं, पोपटाला झाकलं, एका बाईला नंबर दिला. बाराव्या मिनिटाला पलीकडून पोस्टमास्तरांचा आवाज आला. "खातोय," ते म्हणाले. सासूबाईंनी नोंद न करताच ते पान सोडलं, दाखल्याच्या पानावर गेल्या आणि दिवसभर तिथंच राहिल्या. पानात नाव बदलायचं, छापायचं, पुढे द्यायचं. आत डॉक्टरबाई टोचत होत्या आणि सही करत होत्या. संध्याकाळपर्यंत चाळीस दाखले गेले. एकाचंही नाव चुकलं नाही, एकाचीही तारीख चुकली नाही, आणि कुणालाही दहा मिनिटांच्या वर थांबावं लागलं नाही. जुन्या वह्यांच्या काळातही असा गुरुवार झाला नव्हता.

फक्त चाळीसही कागदांवर अगदी वरच्या कडेला, बारीक पण स्पष्ट अक्षरांत एक ओळ होती. पान छापताना त्याची पाटी कागदाच्या माथ्यावर छापायची, हा संगणकाचा नियम. ती ओळ होती: 'निधन नोंद : वादळ'.

शुक्रवारी सकाळी पहिला फोन मांजरवाल्या एका आजींचा आला. दवाखाने पुष्कळ बघितले, त्या म्हणाल्या, पण एका कासवासाठी सगळ्यांच्या कागदावर दुखवट्याची ओळ छापणारा दवाखाना आयुष्यात पहिल्यांदा बघितला. माणसांच्या दवाखान्यात सुद्धा एवढी माया नसते. डॉक्टरबाईंना काही कळलं नाही, पण कौतुक चालू असताना "कशाबद्दल?" असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी आभार मानले. मग दुसरा फोन आला. मग तिसरा. पोपटाच्या मालकानं तर वादळ किती वर्षांचा होता तेही विचारलं.

गावभर चाळीस घरांत वादळ वारल्याची बातमी पोचली होती. वादळ कुणाचा, पत्ता काय, हे शोधायला कुणाला वेळ लागला नाही, कारण कासव पाळणारा माणूस त्या भागात एकच होता आणि कासवाचं ते नाव सगळ्यांना ठाऊक होतं. दहा वाजता पोस्टमास्तरांच्या दारावरची घंटा वाजली. चार वर्षांत ती मीटर बघणाऱ्याखेरीज कुणी वाजवली नव्हती. दारात मांजरवाल्या आजी फुलं घेऊन उभ्या होत्या. पोस्टमास्तरांनी त्यांना खरं काय ते सांगायला सुरुवात केली, पण आजींना कमी ऐकू येत होतं. मग एक जोडपं आलं, मग पोपटाचा मालक आला, मग कुणीतरी गरम सूप आणलं. तिसऱ्या पाहुण्यानंतर पोस्टमास्तरांनी खुलासा करणं सोडून दिलं आणि चहाचं आधण ठेवलं. वादळ कपाटाखाली काकडी खात होता.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. साडेअकराला दवाखान्यात एक कंत्राटदार आले. दणकट माणूस, इमारती बांधणारा, हातात दाखला, आणि मागे त्यांच्याहून दणकट कुत्रा. त्यांना आठ दिवस परगावी कामावर जायचं होतं आणि कुत्रा सांभाळायला ठेवण्याच्या जागी दाखला दाखवायचा होता. तिथल्या कारकुनानं दाखला वरून खाली वाचला, वरच थांबला आणि म्हणाला, कागदाप्रमाणे हा मेलेला आहे, मेलेल्या जनावराला इथं जागा नाही. कुत्र्यानं त्याच वेळी कारकुनाचं पेन खाल्लं, तरी कारकून कागदावर ठाम राहिला.

जावयाला बायकोचा फोन आला तेव्हा तो जेवत होता. "आईचा आवाज बारीक झालाय," एवढंच ती म्हणाली. त्यानं ताट बाजूला सरकवलं आणि गाडी काढली.

तो पोचला तेव्हा डॉक्टरबाई टेबलासमोर उभ्या होत्या. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, हेडफोन काढून नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेले, निघायच्या तयारीत असल्यासारखे. कंत्राटदारांचा कुत्रा वजनकाट्यावर जाऊन बसला होता.

"काकू, मला बोलायला जड जातंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे चाळीस कागदांवर छापलं गेलं आणि तुम्हाला दिसलं नाही."

"नाही दिसलं," सासूबाई म्हणाल्या. "चूक माझी."

जावयानं कागद हातात घेतला, वरची ओळ वाचली आणि त्याला सगळं लख्ख कळलं. गप्प बसलं असतं तर खपून गेलं असतं. डॉक्टरबाईंच्या ओळखीचे आणखी तीन दवाखाने हीच व्यवस्था घेणार होते, तसं बोलणंही झालं होतं, आणि कंपनीतली बाकीची दोघं त्या कामाकडे डोळे लावून बसली होती. त्यानं सासूबाईंकडे बघितलं. त्या त्याच्या कानाच्या दिशेनं बघत होत्या, म्हणजे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"चूक त्यांची नाही," तो म्हणाला. "माझी आहे."

"जावईबापू, तुम्ही यात पडू नका."

"पडलेलोच आहे, आई." मग त्यानं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. पान एकच असतं, खोल्या बदलतात, प्रत्येक खोलीनं आपली पाटी आपण लावायची असते. दाखल्याच्या खोलीला त्यानं पाटी दिलीच नव्हती, म्हणून आधीच्या खोलीची वर राहिली, आणि ती खोली नेमकी निधन नोंदीची होती. टेबलावर कुणीही बसलं असतं तरी छापलं हेच गेलं असतं.

डॉक्टरबाई काही बोलायच्या आधी कंत्राटदार पुढे झाले. ते मघापासून कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"म्हणजे पाटी बदलायची राहिली," ते म्हणाले.

"हो."

"असं सांगा ना सरळ. आम्ही एकदा साहेबांच्या केबिनवर चुकून भांडाराची पाटी ठोकली होती. आठ महिने लोक आत जाऊन त्यांच्याकडे झाडू मागायचे." त्यांचा राग तिथंच उतरला आणि ते बाकावर बसले. "मला नवा कागद द्या म्हणजे झालं."

डॉक्टरबाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. "ते कळलं," त्या म्हणाल्या. "छापलं गेलं ते तुमच्यामुळे. पण चाळीस कागद हातातून जातात, वर एवढं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि धड डोळे असलेलं माणूस टेबलावर असतं तर एकदा तरी…"

वाक्य तिथंच थांबलं. बोलता बोलता त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला होता. त्यांची नजर वरच्या ओळीवरून निघाली, कुत्र्याच्या नावावरून, लसीच्या नावावरून, तारखेवरून खाली आली आणि तळाशी येऊन टेकली. तिथं त्यांची सही होती. निळ्या शाईत, झोकदार, खाली दोन टिंबं दिलेली. अशा चाळीस सह्या त्यांनी काल दिवसभरात दोन धडधाकट डोळ्यांनी केल्या होत्या.

कंत्राटदारांनी हळूच मान लांब करून कागदाचा तळ बघितला आणि परत भिंतीकडे बघू लागले. जावयाला हसू फुटत होतं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"सही खाली असते ना," शेवटी सासूबाईच म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, त्यांनी खरोखरच बाजू घेतली होती. "खाली सही करणारा माणूस वर कशाला बघेल? आणि चाळीस सुया टोचायच्या म्हणजे काय थट्टा आहे का?"

डॉक्टरबाई लहानपणी टेबलाखाली पाढे चुकल्यावर जशा लाल होत, तशा लाल झाल्या. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, हेडफोनची गुंडाळी सोडवली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"काकू, सोमवारपासून," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"सोमवारपासून काय?"

"काही नाही. सोमवारपासून नेहमीसारखंच."

सासूबाईंनी मान हलवली, हेडफोन कानाला लावले आणि कंत्राटदारांना कुत्र्याचं जन्मवर्ष न विचारता दाखल्याच्या पानावर गेल्या, कारण ते त्यांना पाठ होतं. जावयानं त्याआधी दोन मिनिटांत पाटी लावून दिली होती. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवायची होती, फक्त एक. इतकी लहान चूक आणि एवढा मोठा दुखवटा, या विचारानं त्याची मान अजून वर होत नव्हती.

दुपारी पोस्टमास्तर आले. हातात बुटांचा खोका, खोक्यात वादळ. डॉक्टरबाईंनी त्यांची हात जोडून माफी मागितली आणि सांगितलं, की चाळीसही घरी आजच फोन करून खुलासा करतो.

"आजच?" पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. "घाई नको. संध्याकाळी अजून चौघं यायचेत. एक जण बुद्धिबळाचा पट घेऊन येणार आहे."

"अहो पण हा जिवंत आहे ना."

"मी कुठं नाही म्हणतो? मला तसा दाखला हवाच आहे. पण सोमवारी द्या."

डॉक्टरबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी थोडा विचार केला. "लोकांना फसवायचं नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी फोन करून खरं सांगणार. पण असंही सांगते, की वादळ बरा आहे आणि आज संध्याकाळी त्याला बघायला या. मेलेल्याला भेटायला लोक एकदा येतात, जिवंत असला की पुन्हा पुन्हा येतात."

पोस्टमास्तरांनी हे बराच वेळ डोक्यात फिरवून बघितलं आणि त्यांना ते पटलं. सासूबाईंनी चाळीसही फोन आठवणीनं केले, यादी न उघडता, काल जसे आले होते त्याच क्रमानं. जावई बाकावर बसून मोजत होता. चाळिसाव्या नावापर्यंत त्या एकदाही अडखळल्या नाहीत. मग चाळीस दाखले पुन्हा छापले गेले, आणि या वेळी डॉक्टरबाई सही करण्याआधी प्रत्येक कागदाची वरची ओळ मोठ्यानं वाचत होत्या. "दाखला, शूर." "दाखला, राणी." तेच निर्विकार कानात सांगत होता. दहाव्या कागदाला सासूबाईंनी हेडफोन काढून ठेवले. त्याच्यापेक्षा तुमचा आवाज बरा, असं त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या.

संध्याकाळी जावयानं त्यांना गाडीतून घरी न्यायला घेतलं.

"आई, दाखल्याच्या पानावर गेल्यावर निर्विकार काहीच बोलत नव्हता. तुमच्या लक्षात आलं नाही का?"

"मंगळवारीच आलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"एकच खोली बिनपाटीची होती. बाकी सगळ्यांना पाट्या लावल्या होत्यात तुम्ही. म्हणजे जिथं हा गप्प, तिथं दाखला. सापडत होती की. दुसरी निघाली असती तर सांगितलं असतं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि जावयाच्या कामात पहिल्याच आठवड्यात खोट काढायची, म्हणजे कसं दिसतं ते."

जावई पुढचा रस्ता बघत राहिला. त्याच्या चुकीवर सासूबाईंनी आपल्या हुशारीचं झाकण ठेवलं होतं, म्हणूनच ती कुणाला दिसली नव्हती. त्यांना जरा कमी अक्कल असती तर ती मंगळवारीच सापडली असती. त्याला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि या वेळी त्यानं ते तोंडानं सांगितलं. सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि "बरं, बरं" म्हणाल्या.

"यापुढे मात्र मनात ठेवू नका, आई," तो म्हणाला. "काहीही खटकलं तरी लगेच सांगायचं. माझी शपथ आहे."

"नक्की सांगू?"

"नक्की."

"मग ऐका," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत सरळ बसाव्यात तशा सीटवर सरळ बसल्या. "शोधायचं बटण दोनदा ऐकू येतं. औषधांची यादी उलटी वाचतो. तारखेच्या चौकटीत शिरलं की बाहेर पडता येत नाही, मी रोज पोपटाच्या पानावरून वळसा घालून येते. वजनाच्या रकान्यात तो…"

चौकातला दिवा येईपर्यंत सात झाल्या. पुलावर अकरा. बाराव्या चुकीला जावयानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि लिहायला काही आहे का म्हणून विचारलं. सासूबाईंच्या पिशवीत वही होतीच, आणि त्यांचा हात तिच्यावर न शोधता पडला.